जोडून लिहा

देगलूर, आठवी ब, सहावा तास.
फळ्यावर डावीकडं मूळ शब्द, मधे बाण,
बाणाच्या पुढं रिकामी जागा.
मोंढ्यात हळदीची पोती उतरतायत,
हमालांची मोजणी खिडकीतून आत येते
आणि मधल्या बाकावरची राजामणी
ओठातल्या ओठात त्यांच्यासंगं मोजते,
ओकटी, रेंडू, मूडू.

गोड, मी म्हणते. गोडवा, म्हणतात.
ओला? ओलावा.
गार? गारवा.
कडू?
कडवा! मागून कुणीतरी.
नाही रे, कडूपणा.
कडूला कोण 'वा' म्हणतंय.

मग नामांची विशेषणं.
तेल, तेलकट. धूर, धुरकट. माती, मातकट.
पोर, पोरकट.
(पोरका पण पोरचाच,
तो मी फळ्यावर घेत नाही.)

चव? चवदार.
पाणी? पाणीदार.
इर्शाद हात वर करतो. घर, घरदार!
वर्ग हसतो.
मी सांगते, ते दार वेगळं.
चवदारातलं फारशीतून आलंय, बाळगणारा ह्या अर्थी.
तुझ्या घरदारातलं उघडतं, लागतं.
इर्शादचे अब्बा बसस्टँडमागं शटरचं वेल्डिंग करतात.
तो जरा वेळ घेतो.
"म्हंजे मॅडम, एकाला कडी हाय अन् एकाला नाही."
मी डस्टर उचलते, परत ठेवते.
इतकं सरळ मलाही सांगता आलं नसतं.

रात्री वह्या.
लाइट गेलेली, इन्व्हर्टरवर एकच बल्ब.
एक्केचाळीस वह्यांत एकच चूक:
लहान पण. मोठे पण. शहाणे पण.
मधे जागा. कुठं बोटभर, कुठं दोन बोटं.
पोरांनो, 'पण' हा प्रत्यय आहे,
त्याला स्वतःचं घर नाही,
मागच्या शब्दाला चिकटूनच राहावं लागतं त्याला.
एकोणीस वर्षं हेच सांगते.
लाल पेनानं खालून एक कमान,
दोन्ही शब्द जोडायचे,
पुढची वही.

मधेच आठवतं,
पती-पत्नी एकत्रीकरणाचा अर्ज तिसऱ्यांदा परत आलाय.
हे अंबाजोगाईला, मी इथं,
शनिवारची बस, सोमवारची बस.
एकत्र, एकत्रीकरण.
एवढा लांबलचक साधित शब्द
मी आठवीला शिकवत नाही.

राजामणीची वही सगळ्यात खाली.
दिलेले दहा सोडवून
तिनं मनानंच आणखी केलेत.
पुस्तकात 'मी'चं मीपण दिलंय,
ते हिनं पुढं चालवलंय:
मी, मी पण.
तू, तू पण.
अम्मा, अम्मा पण.

हसू येतं. घरात तेलुगू,
हा 'पण' कुठल्या बाकावर बसवायचा तिला कळलेलं नाही.
मीपण म्हणजे अहंकार गं,
आणि मी पण म्हणजे मलाही न्या जत्रेला.
तूचं काय होतं
ते आमच्या पुस्तकात दिलेलंच नाही.

शेवटची ओळ:
एकटे, एकटे पण

पेन तिथंच राहतो.
एकटे, पण?
पण काय?
पान उलटून बघते. मागं कोरं.
इथं कमान काढली की शब्द होतो
आणि मिटतो.
नाही काढली तर वाक्य सुरू झालेलं असतं,
कुणीतरी पुरं करायला हवं.
बल्ब पिवळा पडत जातो.
मी बरोबरची खूण करत नाही, चुकीचीही नाही,
वही तेवढी सगळ्यांच्या वर ठेवते.

सकाळी तिला जवळ बोलावलं.
काय गं, इथं पुढं काय लिहायचं होतं?
तिनं वहीकडं बघितलं, मग माझ्याकडं.
"काय नाही मॅडम,
रिफिल संपू लालती.
अक्षर उमटंना म्हणून जागा सुटली."

पर्समध्ये दोन पेन होते.
लाल मी ठेवून घेतला.